फोंडंटचं कूळ आणि मूळ

वाढदिवसाचा फोंडंटचा केक कापून झाला की कागदी बश्यांकडे एकदा बघावं. केक संपलेला असतो, क्रीम चाटूनपुसून गेलेलं असतं आणि कडेला गुलाबी, निळी, पिवळी साल तशीच उरलेली असते. मुलं ती सोलून ठेवतात. एखादं धीट पोर युनिकॉर्नचं शिंग तोंडात टाकतं, दोनदा चावतं आणि आईच्या हातावर काढून देतं. जिने रात्री जागून ते शिंग वळलं, तिला वाईट वाटणं साहजिक आहे. पण इतिहास तिच्या नव्हे, मुलांच्या बाजूचा आहे. हा पदार्थ चवीने खाण्यासाठी जन्मालाच आलेला नाही. तो जन्मला पाहुण्यांचे डोळे विस्फारायला. शेवटी तो खाताही येतो, हा त्या करामतीचा एक भाग होता, एवढंच.

ज्यांनी तो कधी हातात धरला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बारीक पिठीसाखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, थोडं ग्लिसरिन, थोडं वनस्पती तूप आणि हे सगळं धरून ठेवायला जिलेटिन किंवा एखादा डिंक. मळला की गोळा होतो, लाटण्याने लाटता येतो आणि केकवर पसरून हाताने दाबत बसवला की भिंतीला नवा गिलावा केल्यासारखा गुळगुळीत दिसतो. उरलेल्या गोळ्यातून हत्ती, मोटारी, राजकन्या. चव विचाराल तर साखर, आणि तिच्या मागोमाग पुन्हा साखर.

नाव मात्र उसनं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मिठाईवाल्यांचं फोंडंट वेगळं होतं आणि आजही आहे. साखरेचा पाक ११४ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे थंड पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी होईल इतका, उकळायचा. सोबत थोडं ग्लुकोज किंवा क्रीम ऑफ टार्टर. मग न ढवळता कोमट होऊ द्यायचा आणि तेव्हा कुठे संगमरवरी ओट्यावर उलथन्याने घोटायला घ्यायचा. घाई केली तर रवाळ होतो. वेळ साधली तर जिभेला कणही लागणार नाही अशी पांढरीशुभ्र मलई तयार होते. तोंडात ठेवताच ती विरघळते, म्हणूनच तिचं ते नाव. ती कोमट करून एक्लेअरवर ओततात, चॉकलेटच्या पोटात भरतात. लाटता मात्र येत नाही. केकवरच्या चादरीने या फ्रेंच मलईचं फक्त आडनाव लावलं आहे. रक्ताचं नातं दुसऱ्याच घराण्याशी आहे, आणि ते घराणं हलवायाचं नाही, औषधविक्याचं आहे.

इराण आणि तुर्कस्तानातल्या कोरड्या डोंगरांवर अ‍ॅस्ट्रॅगॅलस प्रजातीतली बुटकी काटेरी झुडपं वाढतात. त्यांना खाच दिली की डिंक पाझरतो आणि पिळदार पापुद्र्यांमध्ये वाळतो. हा ट्रॅगाकँथ. पाण्यात टाकला की विरघळण्याऐवजी तो फुगतो. आपल्याकडे उन्हाळी सरबतात पडणारा गोंद कतिरा याच तऱ्हेचा. मध्ययुगातल्या अरब आणि युरोपी औषधविक्यांचं या डिंकावाचून पान हलत नसे, कारण कडू भुकट्यांच्या वड्या बांधायला तो लागे. साखरसुद्धा तेव्हा औषधातच जमा होती. मोजून, तोलून, खोकल्यावर आणि पोटाच्या तक्रारींवर दिली जाई. साखर आणि भिजलेला डिंक खलात एकत्र कुटले की लवचीक गोळा होतो, दाबाल तो आकार घेतो आणि वाळला की खडखडीत होतो. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार की यातलं औषध काढून टाकलं तरी चालतं.

साखरेने दरबार दिपवायची हौस त्याहूनही जुनी. फारसी प्रवासी नासिर खुस्रो अकराव्या शतकाच्या मध्यात कैरोला पोचला, तेव्हा फातिमी खलिफाच्या ईदच्या मेजवानीत त्याने नारिंगाच्या झाडासारखं एक झाड पाहिलं. फांद्या, पानं, फळं सगळी साखरेची. सोबत साखरेच्याच मूर्ती. प्रवासवर्णनात त्याने या झाडाची आवर्जून नोंद केली आहे. चव कशी होती याला त्याने महत्त्व दिलेलं नाही.

कृती छापली गेली ती व्हेनिसमध्ये. १५५५ साली 'अलेसिओ पिएमोंतेझे' या नावाने तिथे एक गुपितांचं पुस्तक निघालं. हे टोपणनाव जिरोलामो रुसेल्ली या लेखकाचं, असं मानतात. औषधं, रंग, अत्तरं यांच्या पंगतीत त्यात साखरेच्या कणकेची कृतीही होती. १५५८ मध्ये ती इंग्रजीत आली. डिंक गुलाबपाण्यात भिजवायचा, लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा बलक आणि वस्त्रगाळ साखर घालून कुटायचं. मग त्याची फळं करा, ताटल्या करा, पेले करा, त्यांनी मेज सजवा आणि जेवण झाल्यावर भांडीही खाऊन टाका. शिवाय एक सूचना: या भांड्यांजवळ गरम काही आणू नये. आज पहिल्यांदाच फोंडंटला हात घालणाऱ्या बाईला दुकानदार जे बजावतो, ते तेव्हाच छापून झालेलं आहे.

या कृतीला साजेसे यजमान लवकरच मिळाले. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्या मेजावरचे रुमाल, ताटल्या, सुऱ्या-काटे साखरेचे होते. राजाने हात पुसायला रुमाल उचलला आणि तो हातातच मोडला, असं सांगतात. आठ वर्षांनी इस्तंबूलमध्ये सुलतान तिसरा मुराद याने शहजादा मेहमेदच्या सुंतेचा सोहळा पन्नासहून जास्त दिवस चालवला. त्या मिरवणुकांमध्ये साखरेचे प्राणी आणि साखरेच्या बागा माणसांनी वाहून नेल्या. दरबारी चित्रकारांनी त्या रंगवूनही ठेवल्या आहेत. शहजादा तेव्हा सोळा वर्षांचा. एका मुलाच्या समारंभात साखरेचे प्राणी, ही आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची जुनी नोंद, आणि ती केकच्या देशातली नाही, हे मला फार आवडतं.

इंग्लंडात १५९१ साली हर्टफर्डच्या अर्लने एल्व्हेथम इथे पहिल्या एलिझाबेथची जी सरबराई केली, तिच्या वर्णनात साखरकामाची यादीच दिली आहे. किल्ले, तोफा, ढोलवाले, शिपाई. मग सिंह, युनिकॉर्न, अस्वलं, घोडे, उंट, बैल. पुढे पक्षी, साप, बेडूक, मासे. वाढदिवसाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. डायनोसॉर तेवढे नाहीत, कारण ते अजून सापडायचे होते. राणीला गोड फार प्रिय. १५९८ मध्ये तिला पाहिलेल्या पाउल हेन्ट्झनर या जर्मन प्रवाशाने तिचे दात काळे पडल्याचं लिहून ठेवलं आहे आणि दोष अतिसाखरेला दिला आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या कामाने एक महत्त्वाचं वळण घेतलं. ह्यू प्लॅटच्या 'डिलाइट्स फॉर लेडीज' सारखी छोटी पुस्तकं निघाली आणि दरबारी कारागिरांची विद्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातल्या बायकांच्या हाती आली. साचे कसे करावेत, रंग कशाने द्यावा, हे सगळं त्यात होतं. पाहुण्यांना चकवणं हा त्यातला मोठा आनंद. अक्रोडाचं कवच फोडावं तर ते साखरेचं निघावं, मांसाचे तुकडे म्हणून उचलावेत तर ते बदाम-साखरेचे. हल्ली सुरीने बूट कापला की आतून केक निघतो अशा चित्रफिती सगळे बघतात. ती गंमत चारशे वर्षांची आहे.

ही साखर येत कुठून होती, तेही सांगायला हवं. आधी मदेइरा, मग ब्राझील, मग बार्बाडोस आणि जमैका. ऊस तोडणारे, घाण्यात हात गमावणारे, उकळत्या काहिलींपाशी रात्रपाळ्या करणारे लोक आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. त्यांच्या श्रमावर साखर स्वस्त होत गेली आणि जशी ती स्वस्त झाली तशी राजेरजवाड्यांना तिची मिरवणूक करण्यात गोडी उरली नाही. अठराव्या शतकात जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने चिनी मातीच्या इवल्याशा मूर्ती घडवायला सुरुवात केली. मेंढपाळ, नर्तकी, पोपट. सुरुवातीला त्या मेजावरच उभ्या राहत, साखरेच्या बाहुल्यांच्या जागी. साखरेची बाहुली पावसाळ्यात बसते, चिनी मातीची बसत नाही. काचेच्या कपाटातल्या शोभेच्या बाहुल्यांचं घराणंही असं साखरेतूनच निघालं आहे.

पॅरिसमध्ये आंतोनान कारेम या मिठाईकाराने याच डिंक-साखरेतून देवळं, पडके बुरूज, कारंजी उभारली. त्यासाठी तो राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन वास्तुचित्रं उतरवून घेत असे. १८१५ साली त्याने या आराखड्यांचं पुस्तकही काढलं. ते आराखडे देखणे आहेत. पण आपल्याला पोचायचं आहे मुलांच्या खोलीत, आणि कारेमचा रस्ता तिकडे जात नाही.

मुलाचा वाढदिवस, केक आणि मेणबत्त्या हे त्रिकूट जर्मन भाषक प्रदेशातलं. १७४६ साली काउंट झिन्झेन्डॉर्फच्या वाढदिवसाला भलामोठा केक करून त्यात वयाइतक्या मेणबत्त्या खोवल्याची नोंद आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कवी गटेनेही गोथा इथल्या आपल्या वाढदिवसाच्या अशाच केकबद्दल लिहिलं आहे.  त्या केकवर पांघरूण नव्हतं. पांघरूण आलं इंग्लंडातून, तेही लग्नाच्या केकवरून. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्डने १७६९ च्या आपल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितलं. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सुमारे १३५ किलोचा केक पांढऱ्याशुभ्र आयसिंगने मढवला होता. अशा आयसिंगला 'रॉयल' म्हणतात. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात उठवली आणि ही राजेशाही दुकानदार, कारकून यांच्या घरात शिरली.

रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. ते ओलं असताना नळीतून हवी ती नक्षी काढता येते, वाळलं की दगड. नव्या नवरीने आणि नवऱ्याने मिळून सुरी धरण्याच्या प्रथेला कोमल अर्थ लावले जातात. त्या कवचावर एकट्याचं बळ पुरत नसे, हेही त्यामागचं एक कारण सांगतात आणि मला ते पटतं. मुलांच्या केकला असलं कवच काय कामाचं? शिवाय ते सपाट, गोल, चौकोनी आकारांवरच नीट बसतं. आगगाडीवर, अस्वलावर बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४० साली केकवर साखरेचं आयसिंग घालायलाच बंदी केली. लग्नात पुठ्ठ्याचं पांढरं टोपण घातलेला केक मिरवायचा, फोटो काढायचा आणि टोपण उचलून आतला छोटासा केक वाटायचा, अशी पाळी आली. आयसिंगची गरज जिभेला नव्हती, डोळ्यांना होती, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी सामान पाठवलं होतं. ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं.

आणि कुळातला पुढचा वंशजही ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या बाजूलाच वाढला. तिथे त्याचं नाव 'प्लास्टिक आयसिंग'. नाव ऐकून भूक मरते, पण ते चोख आहे: हवं तसं वळणारं. युक्ती अशी की जुन्या डिंक-साखरेला वाळूच द्यायचं नाही. त्यासाठी लागणारं सामान शतकभरात वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधून गोळा झालं होतं. पिष्टापासून ग्लुकोजचा पाक करण्याची रीत किर्खॉफ या रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गला शोधली, नेपोलियनच्या युद्धांनी साखर महागली असताना. ग्लिसरिन शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच ऑलिव्ह तेलातून काढलं होतं आणि पुढे साबणाच्या कारखान्यांतून ते मुबलक निघू लागलं. ग्लुकोज साखरेला पुन्हा रवाळ होऊ देत नाही, ग्लिसरिन पाणी धरून ठेवतं, जिलेटिन ताण देतं, तूप चिरा जाऊ देत नाही. झालं पांघरूण. बदामाची पोळी लाटून केकवर घालायची सवय तिथल्या बायकांना होतीच. त्याच हाताने त्या ही पोळीही घालू लागल्या. इंग्लंडने तिला शुगरपेस्ट म्हटलं, अमेरिकेने रोल्ड फोंडंट. अमेरिकेचा आवाज मोठा, म्हणून आपल्याकडे फोंडंट.

आकाराच्या केकचं वेड घरोघरी पेटवण्याचं श्रेय मात्र मी फोंडंटला देणार नाही. ते एका पुस्तकाचं. 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'ने १९८० साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक काढलं आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. मुखपृष्ठावर आगगाडी. आत हिरव्या-निळ्या जेलीचा पोहण्याचा तलाव आणि बटाट्याच्या वेफर्सची चोच लावलेलं बदक. बहुतेक केक लोणी-साखरेच्या क्रीमचे आणि बाजारातल्या गोळ्याबिस्किटांचे. सुबकपणा कमी आणि गंमत फार. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पुस्तक मांडीवर घेऊन वर्षभर आधीपासून आपला केक निवडला. रात्री ओट्यापाशी बदकाशी झुंजणारी आई, ही तिथली राष्ट्रीय प्रतिमाच झाली. 'ब्लूई' या कार्टूनने २०२० मध्ये याच बदकावर अख्खा भाग केला.

मग केक दूरचित्रवाणीवर आले. २००६ मध्ये बाल्टिमोरच्या डफ गोल्डमनची मालिका, २००९ मध्ये न्यू जर्सीच्या बडी व्हॅलास्ट्रोची 'केक बॉस'. करवती, पीव्हीसीचे नळ, लाकडी सांगाडे आणि या सगळ्यावर फोंडंट. या मालिका भारतातही घरोघरी बघितल्या गेल्या. आपल्या मुलाला कसा केक हवा, हे त्या दिवसांत अनेक आयांना मुलांनीच सांगितलं.

त्याआधी आपल्याकडे काय होतं? मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात मार्झिपान होतं. बदाम परवडत नाहीत म्हणून काजूचं, रबरी साच्यांतून काढलेलं. त्यांच्या लग्नांच्या केकवर बदाम-काजूचा थर आणि पांढरं कडक आयसिंगही होतं. बाकीच्या मराठी घरांत वाढदिवसाला औक्षण, पाटाभोवती रांगोळी आणि गोडाचं जेवण. केक शिरला तो बेकरीतून, वर वनस्पती तुपाच्या आयसिंगचे गुलाब घेऊन. कोपऱ्यातला गुलाब कुणाला, यावरून भावंडांची मारामारी. घरी केला तर कुकरची शिट्टी काढून, तळाला वाळू पसरून, बिनअंड्याचा. त्यावर सजावट म्हणजे जेम्सच्या गोळ्या.

पण साखरेने मूल नटवण्याची रीत आपली स्वतःची आहे, आणि ती केकपेक्षा कितीतरी अवघड आहे. बोरन्हाणाला तान्ह्याला काळं झबलं घालून हलव्याचे दागिने चढवतात. मुकुट, बाजूबंद, हार, कृष्णाची बासरीसुद्धा. तो हलवा करायचा म्हणजे मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. वाळला की पुन्हा चमचाभर. काटा फुटेपर्यंत दिवस जातात. हवा दमट असली की काटा फुटतच नाही, म्हणून हे काम संक्रांतीच्या कोरड्या थंडीतलं. यात डिंक नाही, कणीक नाही. फोंडंटशी हलव्याचं नातं लावायला मी जाणार नाही. मात्र ज्या आजीने जन्मभर हलवा केला, तिला फोंडंटचा स्वभाव कुणी समजावून सांगावा लागत नाही: साखर हवेतलं पाणी ओढते.

मुंबईत पहिल्यांदा फोंडंट लाटणाऱ्या बाईचं निम्मं दुःख या एका वाक्यात आहे. क्रॉफर्ड मार्केटातून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून डबा आणला, चित्रफीत पाहून गोळा मळला, केकवर घातला, छान दिसला, आणि आता तो टिकावा म्हणून तिने केक फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढला की दहा मिनिटांत घाम. थंड पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी साचतं, साखर ते पिते, रंग ओघळतात आणि हत्तीची सोंड हळूहळू छातीवर येते. दुसरी खोड आतून. आपल्याकडचे केक बहुतेक फेटलेल्या क्रीमचे. त्या क्रीममधलं पाणी फोंडंटला खालून विरघळवतं. त्यावर तोडगा ऑस्ट्रेलियन केकवाल्यांनी लोकप्रिय केला: फोंडंटखाली गनाश. काळं चॉकलेट दोन भाग, साय एक भाग; पांढरं असेल तर तीनास एक, आणि आपल्या मे महिन्यात चॉकलेट आणखी थोडं जास्त. ते घट्ट बसलं की फोंडंटला कोरडी, टणक भिंत मिळते. असा केक फ्रिजमध्ये न ठेवता पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत ठेवतात.

हिशेब सोपा आहे. केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची, आणि वर दोन बोटं जास्त. आठ इंची, चार इंच उंच केकला सोळा इंचांहून मोठी पोळी लागते, तीनचार मिलिमीटर जाड. पातळ लाटली तर खालचा केक उठून दिसतो, जाड लाटली तर स्वतःच्या वजनाने वरच्या कडेला फाटते. लाटताना कॉर्नफ्लोअर फार भुरभुरलं की पोळी कोरडी पडते आणि कडांवर बारीक सुरकुत्या येतात. केकवाले तिला हत्तीची कातडी म्हणतात. मग बोटाला थोडं तूप लावून चोळत बसायचं. लाल आणि काळा रंग घरी कालवायच्या भानगडीत पडू नये. तो गडद होईपर्यंत इतका रंग ओतावा लागतो की गोळा चिकट होतो आणि चव कडू. ते दोन रंग तयारच आणावेत.

चित्रं आधी करायची, केकच्या दोनतीन दिवस आधी. साध्या फोंडंटची चित्रं उभी राहत नाहीत. त्यात पाव किलोला चमचाभर सीएमसी मळतात. सीएमसी म्हणजे कापूस किंवा लाकडाच्या तंतूंपासून केलेली पांढरी भुकटी, जी टूथपेस्टमध्ये असते आणि औषधाच्या गोळ्या बांधायलाही वापरतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत ती प्रथम तयार झाली. अलीकडच्या काळात तिने महागड्या ट्रॅगाकँथला या धंद्यातून जवळजवळ बाजूला केलं. शाकाहारी घरांसाठी हे फार सोयीचं झालं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातडीचं. आपल्याकडे डब्यावर हिरवा ठिपका नसेल तर अर्धे पाहुणे केकला हात लावणार नाहीत. म्हणून भारतात विकलं जाणारं फोंडंट बहुतेक करून सीएमसी किंवा तत्सम डिंकावर बांधलेलं असतं. औषधविक्याचा डिंक गेला, तरी त्याच्या जागी आलेली वस्तूही गोळ्या बांधणारीच.

डोकं धडावर बसवायला टूथपिक खुपसू नये. केक चार वर्षांच्या मुलांनी खायचा आहे. कच्च्या स्पॅगेटीची काडी वापरतात. ती मोडून घशात गेली तरी निदान अन्न आहे.

अलीकडे मुंबई-पुण्यातल्या घरगुती केकवाल्यांकडे ऑर्डर येते ती अशी: ताई, केक फ्रेश क्रीमचाच हवा, फोंडंट फक्त वरच्या सिंहाला. याला 'सेमी-फोंडंट' म्हणतात. किंमत आवाक्यात राहते, केक खाल्ला जातो आणि चादर सोलून ठेवायचा प्रश्न येत नाही. केक कापण्याआधीच सिंह उचलून बाजूला ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो शोकेसमध्ये जातो, चिनी मातीच्या मोरांच्या शेजारी. कोरड्या गावात वर्षभर टिकतो. मुंबईत जूनपर्यंत, आणि तेही मुंग्यांना पत्ता लागला नाही तर.